आंबोलीचा जलविभाजक नेमका कुठून जातो?

प्रश्न : नदीकाठचा शिक्षक

नमस्कार. मी गडहिंग्लज परिसरातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. आमची शाळा हिरण्यकेशीच्या काठापासून फार लांब नाही, त्यामुळे नद्यांचा पाठ शिकवताना उदाहरणासाठी मला पुस्तक उघडावे लागत नाही. गेल्या आठवड्यात नकाशावर नदीचा उगम दाखवत असताना नववीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, आंबोलीपासून समुद्र एवढा जवळ आहे, मग आपली नदी तिकडे न जाता आपल्याकडे का आली?" पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, असे ठरावीक उत्तर मी दिले. वर्ग गप्प झाला, पण माझे स्वतःचे समाधान झाले नाही. घरी येऊन नकाशावर मोजले. आंबोलीपासून वेंगुर्ल्याचा किनारा सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर आहे. हिरण्यकेशीचे पाणी मात्र आजरा, गडहिंग्लज आणि संकेश्वर ओलांडून कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभेतून कृष्णेत जाते आणि कृष्णेबरोबर पार आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला पोहोचते.

पाऊस ओसरल्यावर मुलांना एक दिवस आंबोलीला न्यावे, असे मनात आहे. धबधब्याखाली भिजून परत येण्याची सहल मला नको आहे. दोन समुद्रांकडे जाणारे पाणी जिथे वेगळे होते ती जागा, म्हणजे जलविभाजक, मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. आंबोलीत असे एक घर आहे की ज्याच्या पुढच्या पागोळ्यांचे पाणी अरबी समुद्राला आणि मागच्या पागोळ्यांचे बंगालच्या उपसागराला जाते, असे मी लहानपणी ऐकले होते. हे खरे आहे काय? आणखी एक गोष्ट मला कोड्यात टाकते. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात एप्रिल-मेमध्ये पाणी जपून वापरावे लागते, असे तेथील परिचित सांगतात. मुले हा प्रश्न नक्की विचारतील आणि त्या वेळी माझ्यापाशी उत्तर असायला हवे.

प्रतिसाद : सड्यावरचा

सर, आपला प्रश्न वाचून आनंद झाला. माझा जन्म आंबोलीचा, शिक्षण सावंतवाडीचे, आणि नोकरी संपल्यावर मी पुन्हा गावात राहायला आलो आहे.

पागोळ्यांच्या घराविषयी आधी लिहितो. घाटमाथ्यावरच्या अनेक गावांतून अशा एका घराची गोष्ट सांगितली जाते. आमच्या गावातले ते घर मी कित्येक वर्षे शोधले, ज्येष्ठांना विचारले, प्रत्येकाने वेगळ्या वाडीकडे बोट दाखवले. त्यामुळे मुलांना ती गोष्ट खरी म्हणून सांगू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. तशी रेघ जमिनीवर सापडत नाही, आणि का सापडत नाही हेच मुलांना सांगण्यासारखे आहे.

आपण गडहिंग्लजहून येणार, म्हणजे आजऱ्यावरून येणार. त्या वाटेने येणाऱ्याला आपण डोंगर चढून आलो असे फारसे जाणवतच नाही, कारण गडहिंग्लज स्वतःच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि आंबोली साधारण सहाशे नव्वद मीटरांवर. रस्ता वळणे घेत, थोडा चढत, थोडा उतरत येतो. भोवतीची झाडी दाट होत जाते, हवा गार होते आणि गाव येते. याउलट सावंतवाडीकडून येणारा माणूस दाणोली सोडली की अंगावर येणारा घाट चढतो आणि गावात शिरताना डोंगराच्या माथ्यावर पोहोचल्याच्या समजुतीत असतो. दोघेही एकाच गावात आलेले असतात. म्हणून मुलांना बाजारात उतरवून थांबू नका. गाडी तशीच पुढे घाटातल्या मुख्य धबधब्यापर्यंत, म्हणजे गावापासून तीनेक किलोमीटर, खाली न्या आणि मग परत वर या. आपण जिथून आलो ते सपाट आहे आणि पुढे एकदम कडा आहे, हे त्यांना पायांनी आणि पोटातल्या गोळ्याने कळेल.

तो धबधबा पश्चिमेकडे कोसळतो. त्याचे पाणी दाणोलीच्या बाजूला उतरून तेरेखोल नदीत जाते, बांद्यावरून पुढे गोव्याच्या हद्दीशी तेरेखोल किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. हिरण्यकेशीचा उगम गावापासून पाचेक किलोमीटरवर डोंगराच्या पोटातल्या गुहेत आहे. तिथे महादेवाचे देऊळ आहे, पुढे कुंड आहे, आणि तिथून निघालेले पाणी आपल्या शाळेजवळून जाते. ही दोन ठिकाणे एकाच दिवशी पाहता येतात. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी आपण विचारता ती जागा आहे.

प्रतिसाद : खडकवाचक

मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि या भागातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ सपाट्यांवर, पुष्कळ हिंडलो आहे. सरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न साधा नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

"पठाराचा उतार पूर्वेकडे आहे" हे उत्तर चूक नाही, परंतु तो उतार किती मंद आहे हे सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. कर्नाटकातील अलमट्टी धरण आंबोलीपासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, आणि घटप्रभा मिळाल्यानंतरची कृष्णा तिथे अडवलेली आहे. त्या धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर आहे. म्हणजे हिरण्यकेशीचा थेंब एवढे अंतर कापूनसुद्धा जेमतेम १७० ते २०० मीटरच खाली आलेला असतो. पश्चिमेकडे वळलेला थेंब मात्र आठ-दहा किलोमीटरांच्या आत सहाशे मीटर खाली कोसळतो. फळ्यावर दोन्ही उतार एकाच प्रमाणात काढून दाखवले, तर पूर्वेकडची रेघ मुलांना जवळजवळ आडवी दिसेल आणि पश्चिमेकडची भिंतीसारखी. सह्याद्री हा दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा डोंगर नव्हे. देशाच्या बाजूने पाहिले तर ते एक पठार आहे आणि कोकणाच्या बाजूने पाहिले तर त्या पठाराचा तुटलेला काठ.

हा काठ कसा तयार झाला, याविषयी बहुतेक भूशास्त्रज्ञांचे मत पुढीलप्रमाणे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्याच सुमारास भारताचा पश्चिम काठ खचून आजच्या सेशेल्सकडील भूभागापासून वेगळा होत होता, आणि उरलेली कड वर उचलली जाऊन जमीन पूर्वेकडे कलली. नद्यांनी तो कल धरला. खचलेल्या बाजूला तयार झालेला कडा आरंभी आजच्यापेक्षा समुद्राच्या बाजूला होता आणि पश्चिमेकडच्या आखूड, तीव्र उताराच्या ओढ्यांनी तो कोरत कोरत पूर्वेकडे मागे सरकवला. कोकणपट्टी ही या मागे सरकण्यातून उघडी पडलेली जमीन आहे. म्हणजे कडा नदीच्या पाठीमागून हळूहळू जवळ येत गेला. नदीने आपली दिशा बदलली नाही. मुलीला हे उत्तर द्यावे, असे मला वाटते.

आता रेघ का सापडत नाही, याविषयी. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांच्या माथ्यांवर बेसॉल्टच्या वर जांभ्याचे टोपण आहे. प्रदीर्घ काळ उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत बेसॉल्टमधली सिलिका धुऊन गेली आणि लोह व अॅल्युमिनियमची संयुगे मागे उरली, तोच हा तांबडा, मधमाशांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र खडक. कोकणात घरे बांधण्यासाठी जो चिरा वापरतात तो हाच, फक्त तिथले सडे कमी उंचीवर आहेत. जिथे अॅल्युमिनियमचे प्रमाण जास्त झाले तिथे बॉक्साइट मिळते, आणि कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड, राधानगरी भागांत त्याच्या खाणी झाल्या. पाणी धरून ठेवणारा माथाच खणून नेल्यावर खालच्या झऱ्यांचे काय होते, हा प्रश्न मला फार गंभीर वाटतो.

जांभ्यात मुरलेले पाणी खाली जाते, मग जांभा आणि मूळ खडक यांच्या मधल्या चिकण थरापाशी अडते आणि आडवे सरकत जाऊन उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पृष्ठभागावरून वाहणारे पाणी जमिनीचा उतार पाहते. आत मुरलेले पाणी त्या चिकण थराचा उतार पाहते. हे दोन उतार जुळतीलच असे नाही. सड्याच्या पूर्व बाजूला पडलेल्या पावसाचा काही भाग आतून पश्चिमेच्या कड्यात झिरपू शकतो आणि उलटही होऊ शकते. म्हणून नकाशावरची जलविभाजकाची बारीक रेघ प्रत्यक्षात एक रुंद पट्टा असते, आणि मुसळधार पावसात तो पट्टा एका जागी दिसतो तर मार्चमध्ये दुसऱ्या जागी.

नदीकाठचा शिक्षक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फळ्यावरची आकृती मी काल काढली. वर्गाने ती बराच वेळ पाहिली. त्यानंतर त्याच मुलीने विचारलेला पुढचा प्रश्न असा : कडा जर अजून मागे सरकत असेल, तर तो एक दिवस हिरण्यकेशीपर्यंत पोहोचेल का, आणि तसे झाले तर आमच्या नदीचे काय होईल? पाण्याच्या टंचाईचा मुद्दाही अजून राहिला आहे.

प्रतिसाद : खडकवाचक

पोहोचेल, मात्र ही गोष्ट माणसाच्या किंवा राज्याच्या आयुष्याच्या मापात बसणारी नाही. पश्चिमेचा एखादा ओढा मागे खात खात पूर्ववाहिनी नदीच्या वरच्या भागापर्यंत आला की त्या भागाचे पाणी तो आपल्या बाजूला ओढून घेतो. याला नदीचे अपहरण म्हणतात. वर ज्या मुख्य धबधब्याचा उल्लेख आला आहे, त्याच्याकडे याच नजरेने पाहावे. त्याला पाणी पुरवणारा माथ्याचा भाग कड्याच्या ऐन टोकावर नाही, टोकापासून आत, सपाटीवर आहे. सपाटीवरचे एवढे पाणी पश्चिमेने आधीच आपलेसे केलेले आहे. मुलांना सांगताना हिरण्यकेशीविषयी भीती वाटू देऊ नये. पण जलविभाजक स्थिर नसतो, हे कळले तर त्यांचा नकाशाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलेल.

प्रतिसाद : पायथ्याचा वाटसरू

मी घाटाखालचा आहे, म्हणून खालून दिसणारी बाजू मांडतो.

पावसाचे कारण शाळेत प्रतिरोध पर्जन्य या नावाने शिकवतात. आमच्याकडे ते अंगणातून दिसते. जूनमध्ये समुद्रावरून आलेले ढग आमच्या डोक्यावरून फारसे न बरसता पुढे जातात, कड्याला टेकतात, वर चढू लागतात आणि काही मिनिटांत डोंगर नाहीसा होतो. किनाऱ्यावर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर, आणि माथ्यावर त्याच्या दुपटीहून अधिक. माथा ओलांडला की पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि सरांच्या गडहिंग्लजला पोहोचेपर्यंत तो हजार मिलिमीटरच्या आसपास येतो. येताना मुलांना खिडकीबाहेर पिके मोजायला सांगा. गडहिंग्लजच्या बाजूला ऊस आणि मिरची, आजऱ्याकडे भाताची खाचरे (आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले), आणि आंबोलीजवळ अंजनी, जांभूळ, पिसा यांचे सदाहरित रान. पन्नास-पंचावन्न किलोमीटरांच्या प्रवासात पावसाचा आलेख त्यांना पिकांतून आणि झाडांतून वाचता येईल.

घाटाचे जुने नाव पारपोली घाट. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ला बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणारा हा रस्ता झाला आणि त्यामुळेच आंबोली वाटेवरच्या मुक्कामाचे गाव बनली. वेस्ट्रॉप या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे थंड हवेचे ठिकाण वसवले. पुढे मुरगाव बंदराकडे रेल्वे गेली आणि बेळगावचा माल तिकडे वळला. गाव मोठे शहर झाले नाही याचे एक कारण ते असावे, असे मला वाटते. पुढे हाच रस्ता संकेश्वर-बांदा महामार्ग म्हणून रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले. घाटात दरडी का कोसळतात, हे मात्र सहलीत अवश्य दाखवावे. बेसॉल्टच्या कठीण थरांच्या मध्ये मऊ थर आहेत, त्यांवर झिजून आलेल्या मातीचा आणि दगडगोट्यांचा ढीग उतारावर विसावलेला आहे. आठवडाभर संततधार लागली की ती माती पाणी पिऊन जड होते आणि तळाचा आधार सुटतो. रस्त्यासाठी उताराचा पाय कापला असेल, तर तो आधार आधीच कमी झालेला असतो. दरड कोसळून घाट बंद झाल्यावर आमच्या आजारी माणसांना, कॉलेजच्या मुलांना आणि भाजीच्या टेम्पोंना किती लांबचा वळसा पडतो, ते आम्ही अनेक पावसाळे अनुभवले आहे. म्हणून मुलांना हा घाट पावसाच्या जोरात दाखवू नका, ऑक्टोबर उत्तम.

प्रतिसाद : सड्यावरचा

टंचाईविषयी लिहायचे राहिले होते. मुलांकडून एक हिशेब करून घ्या. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सात हजार मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सात हजार लिटर, आणि एका हेक्टरवर सात कोटी लिटर. हा आकडा पाहिल्यावर टंचाई हा शब्दच खोटा वाटतो. परंतु यातले बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते आणि येते तसे निघून जाते. खालच्या गावांना वरच्या गावांचे पाणी मिळते. आमच्या वर दुसरे गाव नाही. नदी उगमापाशी सर्वांत लहान असते, तिच्या पाठीशी साठ्यासाठी लागणारे क्षेत्रच नसते. जांभ्याचे टोपण झरे चालू ठेवते, पण ते टोपण छोटे आहे आणि दोन्ही बाजूंनी उघडे आहे. दिवाळीला खळखळणारे आमच्या वाडीजवळचे झरे होळीपर्यंत बारीक होतात, आणि काही पुढे नुसते ओल धरून राहतात. लहानपणी आई कपडे धुवायला घरामागच्या झऱ्यावर जात असे. चैत्र लागला की तिला लांबच्या, उतारावर आणखी खाली असलेल्या झऱ्यावर जावे लागे. पाणी संपलेले नसायचे, ते खाली सरकलेले असायचे. खडकवाचकांनी लिहिलेला चिकण थर मी त्यांच्या प्रतिसादात प्रथम वाचला, पण आईची ती पायपीट म्हणजे तोच थर होता, हे आता लक्षात आले.

शिवाय पर्यटक वाढले, हॉटेले वाढली आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीत भरतात. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांतला कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींचा, प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला, त्यामुळे जमिनीवर सामूहिक पाणीसाठ्याची कामे उभी करणेही सोपे राहिले नाही. तो विषय मोठा आहे, इथे एवढेच पुरे.

सहलीसाठी एक विनंती. हिरण्यकेशीच्या कुंडात २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि २०२१ मध्ये शासनाने तेथील २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा बोटभरही नाही. कुंडात उतरू नये, काही टाकू नये, पाय धुऊ नयेत, हे मुलांना गाडीतच सांगा. सड्यावर पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ डबक्यांना आम्ही लहानपणी काहीच किंमत देत नव्हतो. २००९ मध्ये जिचे शास्त्रीय वर्णन झाले ती भेकाची (बेडकासारख्या जीवाची) एक जात त्याच डबक्यांत अंडी घालते, आणि आंबोलीचा भेक म्हणूनच आता ती ओळखली जाते. चौकुळच्या रस्त्यावर पावसाच्या रात्री हे जीव वाहनांखाली सापडतात. सात हजार मिलिमीटर पावसातल्या बोटभर खोलीच्या डबक्यावर एक अख्खी जात जगते, हे मुलांना नक्की समजेल.

नदीकाठचा शिक्षक

मी आता दिवस ठरवला आहे. सकाळी निघण्यापूर्वी गडहिंग्लजच्या पुलावर थांबून प्रत्येकाला पाण्याची पातळी आणि रंग वहीत नोंदवायला सांगणार आहे. त्यानंतर आजऱ्यापर्यंत पिकांची नोंद, गावातून न थांबता थेट घाटातल्या धबधब्यापर्यंत, आणि परत येताना हिरण्यकेशीचे कुंड, काठावर उभे राहूनच. मधल्या पट्ट्यात, सड्यावरचे महाशय सांगतील त्या ठिकाणी, मुलांना उतरवून एवढेच विचारणार आहे की इथे बादलीभर पाणी ओतले तर ते कोणीकडे जाईल, आणि उत्तर देण्यापूर्वी जमीन नीट पाहा. घराची गोष्ट सांगणार नाही.

सड्यावरचे महाशय, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आपण गावात असाल तर कृपया कळवा. त्या मुलीला आईच्या दोन झऱ्यांची जागा पाहायची आहे. काल मी आपला प्रतिसाद वर्गात वाचून दाखवला, तेव्हा तिने स्वतःहून तसे सांगितले.

प्रतिसाद : सड्यावरचा

असेन. वरचा झरा तोपर्यंत वाहता असेल. खालच्या झऱ्याकडे जाणारी वाट कारवीने भरली आहे, ती मी आधी मोकळी करून ठेवतो.